मागच्याची घंटी

आप्पा,

तुमची सायकल आईनं अजून सोप्यात उभी ठेवली आहे, मागाच्या खोलीच्या दाराला लागून, तुम्ही शेवटची टेकवली होती तिथंच. हँडलच्या एका बाजूला सूत भरलेल्या कांड्यांची पिशवी, दुसऱ्या बाजूला बाजाराची, कॅरेजवर सुताच्या लडी. घरी नवा माणूस आला तर तिथं सायकल आहे हे त्याला चटकन कळतही नाही. भंगारवाला मात्र बरोबर ओळखतो. गल्लीत आला की आपल्या दारात जरा जास्तच रेंगाळतो. आई कांड्या भरता भरता, मान वर न करता सांगते, "न्हाय रं बाबा. तिला अजून काम हाय." कसलं काम, ते त्यानं कधी विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. कणकुंबीला जे झालं त्यानंतर मात्र ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे. बाहेर शेजारच्या घरातला माग चालू आहे, विणकरांच्या या वडगावात तो कुठं ना कुठं चालूच असतो, आणि त्या खटखटीत मला सारखं वाटतंय की मधेच आणखी काहीतरी वाजलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, निदान ठाऊक नसेल असं मी धरून चालते. मी बी.कॉम. झाले. निकालाच्या दिवशी आई मोठ्यानं म्हणाली, "ह्या घरात पदवी आली," जणू ती कुणी पाहुणी होती आणि तिला बसायला पाट द्यायचा होता. आता मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसते. आणि आपल्या सायकल क्लबचा सांगावा सगळ्यांना पोचवायचं काम माझ्याकडं आलं आहे. टेलरमामा स्वतः घरी आले होते. खडेबाजारातलं दुकान भर दुपारी बंद करून आलेले, त्यामुळं मला वाटलं कुणीतरी गेलंच. ते सोप्यात बसले, तुमच्या सायकलीकडं बघत चहा प्याले आणि म्हणाले, "तू शिकलीस. आता सांगावा तू बघ. आमाला फोनवरचं कळत न्हाय, आणि नव्या पोरांस्नी दारावरचं कळत न्हाय."

दारावरचं म्हणजे तुमचं. शनिवारी संध्याकाळी माग बंद झाला की तुम्ही तोंडावर पाणी मारायचा, मला पुढच्या दांडीवर बसवायचा आणि निघायचा. उद्या कुठं जायचं, किती वाजता, कुठल्या चौकात जमायचं, हे घरोघरी सांगत. सायकलवरून उतरायचं नाही, एक पाय उंबऱ्याच्या पायरीवर टेकवायचा आणि घंटी एकदा वाजवायची. मग आतून, माजघरातून नाहीतर परसातून, त्या घरातल्या सायकलची घंटी एकदा वाजायची. तेवढ्यावर काम झालं. मला ते लहानपणी भुताच्या खेळासारखं वाटायचं. माणूस दिसत नाही, अंधाऱ्या बोळातून नुसती घंटी उत्तर देते. घरी आल्यावर आई चुलीपुढून सुनवायची, "सगळ्या गावाला उद्याचं सांगून यायचं, आणि घरात आज काय शिजलंय त्ये ठावं न्हाय ह्यास्नी." तुम्ही हसत पाटावर बसायचा. लोक जेवताना तुम्ही घंटी वाजवता अशी तक्रार आली होती, ती आईनं आनंदानं तुमच्यापुढं ठेवली. तुमचं उत्तर तयारच होतं, "जेवाय बसलं तर काय झालं? डावा हात मोकळाच असतोय की."

एकदा तुम्ही मला रागावला होता. तसे तुम्ही फारसे रागावत नसा, म्हणून ते लक्षात आहे. क्लबातल्या कंपाउंडरकाकांच्या गल्लीच्या तोंडाशी तुम्ही मला उतरवलंत आणि म्हणालात, जा, आज तू सांगून ये. मी फाटकातूनच ओरडले, उद्या यळ्ळूरचा गड, आणि पळत परत आले. तुम्ही विचारलंत, "सांगितलंस?"

"व्हय."

"त्येनं वाजवली?"

"वाजवली न्हाय. पण ऐकलं असंल."

"असंल?" तुम्ही सायकल तिथल्या तिथं वळवलीत. "टाकून येणं निराळं, पोचवणं निराळं. चल." आपण परत गेलो तेव्हा घरात दिवा नव्हता. काकूंना ताप होता, आणि काका त्यांचं डोकं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझं ओरडणं ऐकलं होतं, पण सायकलपर्यंत उठून येता येत नव्हतं. तुम्ही आत गेलात. डॉक्टर आले, कुणीतरी पेज आणली, आणि मी पायरीवर बसून बसून पायाला मुंग्या येईपर्यंत त्यांच्या सायकलकडं बघत राहिले. तिच्या घंटीवर कुणाचा हात नाही हे बघत राहिले.

आणि रविवारी तुम्ही रांगेतले मागचे. पुढं कोण जाईल ते बदलायचं, मागचा कधी बदलला नाही. घाटात, पावसात रांग लांबली की तुम्ही एकदा घंटी वाजवायची. त्याचा अर्थ, मी आहे, चालत राहा. तुमच्या पुढच्यानं ती ऐकून आपली एकदा वाजवायची, त्याच्या पुढच्यानं आपली, असं करत साद पार पहिल्या गड्यापर्यंत जायची. मागं वळून बघायचं नाही, कारण मान वळली की हँडल वळतं. मागून वाजली म्हणजे मागं कुणीतरी आहे, एवढं पुरे. परतताना ज्याची त्याची गल्ली आली की तो सुटायचा, आणि शेवटच्याला तुम्ही घरापर्यंत पोचवायचा. शेवटचे नेहमी टेलरमामा. खडेबाजार म्हणजे तुम्हाला उलटी वाट, तरी जायचाच. मामांनी दारात उतरून दोनदा घंटी वाजवायची. मी पोचलो, आता तू सुटलास. दोन ऐकल्याशिवाय तुम्ही जागचे हलत नसा. एकदा मामांनी मुद्दाम वाजवलीच नाही. आत जाऊन निवांत चहा घेतला आणि खिडकीतून बायकोला दाखवलं, "बघ, खांबागत उभा ऱ्हातोय का न्हाय." तुम्ही उभे होता. भर बाजारात, लोक धक्के देत होते, आणि तुम्ही एक पाय टेकून त्या दाराकडं बघत उभे.

आठवीत आम्हा सगळ्या मुलींना सरकारी सायकली मिळाल्या. मी ती मिरवत घरी आणली आणि तुम्ही पहिल्यांदा काय केलंत, तर घंटी वाजवून बघितलीत. तिच्यातून ट्रिंग निघालंच नाही. पडसं झालेल्या माणसानं घसा साफ करावा तसं खर्रर्र झालं. तुम्ही तोंड वाकडं केलंत, "ही काय घंटी? ह्येला म्हस बी वाट द्यायची न्हाय." मग पाना आणून तुमच्या सायकलची जुनी जड पितळी घंटी काढलीत आणि माझ्या सायकलला बसवलीत. "सरकारनं सायकल दिली. घंटी मी देतो." ती सरकारी खरखरी मात्र तुम्ही टाकून दिली नाहीत, स्वतःच्या सायकलला लावलीत. पुढचं वर्षभर क्लबात थट्टा चालली होती, आप्पाला पडसं झालंय. मग खरंच छाती धरली. मागाचा धुरळा इतकी वर्षं आत साचत होता, तो त्या थंडीत बोलायला लागला. शेवटी शेवटी तुम्ही सोप्यात झोपलेले असायचा आणि मला अभ्यास करताना कळायचं नाही की तुमची छाती वाजली का तुमची घंटी.

तुम्हाला नेलं त्या दिवशी क्लबातली सगळी माणसं सायकली घेऊन आली होती. कुणी ठरवलं नव्हतं, पण प्रत्येकानं दारात येऊन एक पाय पायरीवर टेकवला आणि एकदा घंटी वाजवली. आई भिंतीला टेकून बसली होती, ती मला म्हणाली, "वाजव की गं. बाहेर उभं हायत." मी उठून माझ्या सायकलची, म्हणजे तुमचीच, घंटी वाजवली. प्रत्येकासाठी एकदा. सगळ्यात शेवटी टेलरमामा आले. कंपाउंडरकाका त्यांना हळूच म्हणाले, "दोन वाजव. सोड त्येला." मामांनी अंगठा खटक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग काढून घेतला. "मी अजून कुठं पोचलोय?" असं म्हणाले, आणि सायकल हातानं ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. त्या दिवशी ते मला कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की एक काम राहून गेलंय.

त्यानंतर क्लब विझतच आला होता. मग गेअरच्या सायकली घेऊन नवी माणसं आली, इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर अध्यक्ष झाले, आणि मी फोनवरचा ग्रुप चालवायला लागले. मी ते काम मनापासून केलं, आप्पा. शनिवारी वाट, वेळ, पावसाचा अंदाज. कोण येणार ते आधी विचारायचं, कुणी आजारी असेल तर सगळ्यांना कळवायचं. घरचे पाठवत नव्हते अशा बायकांच्या घरच्यांशी बोलायचं, आणि त्यांना फोनवर बायको कुठवर पोचली ते दिसेल असं करून द्यायचं. त्यामुळं पहिल्यांदाच आपल्या रांगेत बायका आल्या, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे. दिवसभर ग्रुपवर फुलांची चित्रं येतात, देवांची येतात, त्यात माझा सांगावा वाहून जातो, तरी मी तो परत टाकते. प्रत्येकानं फोनवर आपलं लोकेशन चालू ठेवायचं असा नियम केला. "आता आपल्यातलं कुणी हरवणार नाही," असं मी लिहिलं होतं. अगदी असंच.

नव्या सायकलींना घंटी नसते. माझ्या सायकलला आहे, कारण तुमची पितळी मी या नव्या सायकलवरही बसवून घेतली. निपाणीवाल्यांना तिची फार गंमत वाटते. हे निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी, जैन, घरी कन्नड बोलणारे. शनिवारी बेळगावात बहिणीकडं मुक्कामाला येतात आणि रविवारी आमच्याबरोबर निघतात. सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून परतीच्या वाटेवर सगळ्यांना हाकतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "काय हो मॅडम, विमानाला बैलाची घुंगरं बांधल्यासारखं दिसतंय की हे." सगळे हसले, मीही हसले. टेलरमामांची घंटी मात्र मीच काढली. त्यांचं हँडल अरुंद, घंटी गंजलेली, आणि मी त्यांच्यासाठी फोन अडकवायचा स्टँड आणला होता, माझ्या पगारातून पहिली वस्तू. तो बसवायला दुसरी जागा नव्हती. "आता घंटीची गरज नाही मामा," मी म्हणाले. ते डाव्या कानानं बहिरे झाले आहेत, म्हणून मी उजव्या बाजूला जाऊन परत म्हणाले. त्यांनी विचारलं, "मग मी पोचलो त्ये मागच्याला कसं कळायचं?"

"ग्रुपवर अंगठा टाका."

"अंगठा तर खटक्यावरच असायचा की गं," असं म्हणून हसले, आणि काढलेली घंटी सदऱ्याच्या खिशात न टाकता माझ्या हातात ठेवून गेले.

कणकुंबीला आम्ही गणपती झाल्यावर गेलो. पाऊस ओसरला होता, ऊन नव्हतं. जांबोटीला चहा झाला, सगळे मजेत होते, मामा तर तरण्या पोरांना मागं टाकत होते. देवळापाशी डबे सोडले, झरा बघितला. परत निघालो आणि जंगलातून धुकं रस्त्यावर आलं. आलं म्हणजे, कुणीतरी उठून येऊन शेजारी बसावं तसं आलं. थोड्याच वेळात मला माझं पुढचं चाक सोडून काही दिसेना. मागची मी होते. आता आम्ही पाळ्या लावतो, ती माझी पाळी होती. मामा वाटेत झाडांमागं लघवीला थांबले आणि मी त्यांना ओलांडून पुढं आले, ना मला कळलं ना त्यांना. पुढच्या पत्र्याच्या चहाच्या टपरीवर सगळे जमलो तेव्हा टपरीवाल्या मावशींनी माणसं न मोजता माझ्या सांगण्यावरून चहा ओतले. सगळ्यांनी उचलले. एक पेला फळीवर वाफ सोडत राहिला. निपाणीवाले म्हणाले, "हा कुणाचा हो? थंड होऊ लागलाय."

मग आम्ही एकमेकांकडं बघितलं.

मी फोन काढला. नेटवर्क नव्हतं. तिथं ते नसतंच, आणि हे मला माहीत होतं, तरी मी इतकी वर्षं बसून केलेली सगळी व्यवस्था त्यावरच उभी केली होती. मामांचा ठिपका सकाळच्या जागेवर होता, जांबोटीला. त्यांचा फोटो त्या ठिपक्यात हसत होता. अध्यक्ष म्हणाले, दोघं दोघं मागं जाऊ. टपरीवाल्या मावशींनी हात आडवा केला, "जाऊ नगासा. मागं एक जुनी वाट फुटती, गव्यांची. रस्त्यागत दिसती, पण म्होरं सरळ दरी हाय. म्हातारं तिकडं वळलं असंल तर देव बघंल, तुमी बी गेलासा तर कोण बघणार?" आम्ही ओरडलो. सगळ्यांनी मिळून, मामा, मामा. हाक तोंडातून निघाली की दोन हातांवर विरून जात होती. आमच्यातली एक जण रडायला लागली. निपाणीवाले आपल्या देवाचं नाव पुटपुटत उभे होते, सूर्याचं कुणाला आठवत नव्हतं. आणि मला एकच चित्र दिसत होतं, मामा त्या वाटेनं सावकाश, भरवशानं पायडल मारत चाललेत, कारण मागं कुणीतरी आहे असं त्यांनी आयुष्यभर धरलेलं आहे.

मी सायकल रस्त्याच्या मधोमध नेली, तोंड धुक्याकडं केलं आणि घंटी वाजवली. एकदा. काही नाही. थांबून परत एकदा. झाडांवरून पाणी टपकत होतं तेसुद्धा थांबल्यासारखं झालं.

आणि मग आतून, फार लांबून, खर्रर्र.

"बंतु नोडरी!" निपाणीवाले ओरडले. "आली, आली की साद! आहेत म्हातारबुवा!" अध्यक्षांनी मला विचारलं, "त्यांच्या सायकलला घंटी आहे ना?" त्यांची घंटी माझ्या घरी कपाटात होती. आणि असती तरी ती अशी वाजणारी नव्हती. असं वाजणारी एकच घंटी मी आयुष्यात ऐकली आहे. मी माझी वाजवली, तिनं उत्तर दिलं. मी वाजवली, तिनं दिलं. दरवेळी जरा जवळून. मला भीती वाटत नव्हती. नाही, वाटत होती. पण ती थांबली तर, याची.

मामा धुक्यातून बाहेर आले. पायडल मारत, सरळ, भिजलेले, टोपी डोळ्यांवर आलेली. आम्हाला बघून ब्रेक लावला आणि उतरले. सगळे त्यांच्याकडं धावले. आणि मामा उतरून, सायकल स्टँडवर लावून, टोपी पिळत उभे असताना त्यांच्या मागच्या पांढऱ्यातून ती आणखी एकदा वाजली. खर्रर्र. धावणारे होते तिथं थांबले. मामांनी मागं बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं. रस्ता होता, तोही दोन पावलांपुरता.

"कुणी पाठवलतं माझ्या मागं?" मामांनी विचारलं.

"कुणाला, मामा?"

"मागच्याला. मी चुकलोतो गं. पायाखाली डांबर न्हाय, पाला लागाय लागला, तरी कळंना. तवर डाव्या अंगाला वाजली. डाव्या कानात. ह्यो कान मेलाय माझा, बायको कुकर उडाला तरी सांगत बसती, त्यात वाजली. म्हटलं मागचा डावीकडनं दाबतोय, म्हंजे उजवीकडं सरायचं. सरलो. परत वाजली, परत सरलो. मागचा वाजवतोय म्हटल्यावर आपण चालायचं, दुसरं काय?" त्यांनी तो गार चहा उचलला आणि एका दमात प्याला.

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले की हा प्रतिध्वनी असणार, धुक्यात आवाज फसवा येतो. ते शिकलेले आहेत, मीही थोडी शिकले आहे, आणि मला त्यांचं पटवून घ्यायचं होतं. पण माझी घंटी स्वच्छ वाजते, आप्पा. डोंगराला धडकून आलेल्या आवाजाला पडसं होत नाही.

मामा पेला ठेवून माझ्यापाशी आले. त्यांचा अंगठा सवयीनं हँडलवर गेला होता, फोनच्या स्टँडवर चाचपडत होता. "माझी न्हाय," ते म्हणाले. "तुझी वाजव. दोन."

"मामा, घर अजून लांब आहे."

"घराचं न्हाय म्हणत मी. जिथं पोचायचं हुतं तिथं पोचलो. किती उभा करायचा त्येला? तवा मला जमलं न्हाय. वाजव पोरी." त्यांचे डोळे भरले होते. बाकीच्यांना काही कळत नव्हतं. मी धुक्याकडं वळले. एक वाजवली, ती लांबपर्यंत गेली. मग दुसरी. मामा माझ्या अंगठ्याकडं बघत होते. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सुटला."

घरी आले तेव्हा आई सोप्यात खाली बसून कांड्या गोळा करत होती. तुमच्या सायकलच्या हँडलला एकही पिशवी नव्हती. "दुपारी समद्या खाली पडल्यात्या," ती म्हणाली. "हँडल आपुआप वळलं जणू. मांजर असंल." हँडल दाराकडं वळलेलं होतं. मी त्या सरकारी घंटीचा खटका दाबून बघितला. तो हललाच नाही. आतून गंजून वाटीला चिकटून बसलाय, दोन्ही हातांनी दाबला तरी हलत नाही. मी आईला काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. नुसतं म्हणाली, "पोचली सगळी?" मी म्हणाले, पोचली. तिनं पिशव्या उचलून परत होत्या तिथं अडकवल्या.

आता ग्रुपवर नवा नियम आहे, घंटी नसलेली सायकल रांगेत नाही. अध्यक्षांनी कुरकुर केली, पण सगळ्यात आधी निपाणीवाल्यांनी आपल्या विमानाला घुंगरू बांधून घेतलं. मी ग्रुपवर लिहिते तसंच लिहिते, आणि ज्यांचा निरोप पोचला नाही असं वाटतं त्यांच्या दारात शनिवारी संध्याकाळी जाऊन एक पाय टेकवते. टेलरमामांची घंटी मी साफ करून परत बसवून दिली, पण ते आता फारसे सायकलवर बसत नाहीत. दुकानात येणाऱ्या जुन्या माणसांना काज करता करता सांगतात, आप्पाला सोडलं आम्ही, कणकुंबीच्या रस्त्यावर, पोरीनं वाजवली. सांगताना त्यांचा चेहरा असा मोकळा होतो की मला दुकानात थांबवत नाही.

कारण ते जे सांगतात ते खरं नाही. परवा शनिवारी मी कंपाउंडरकाकांच्या गल्लीतून घरी येत होते. मागं कुणी नव्हतं, आणि मागून एकदा वाजली. मी मान वळवली नाही. मीही एकदाच वाजवली आणि चालत राहिले. हे कागद कुणाला दाखवायचे नाहीत, मामांना तर नाहीच, म्हणून इथंच लिहून ठेवते. त्या दिवशी धुक्याकडं वळताना मी मामांच्या डाव्या बाजूला, त्या मेलेल्या कानाकडं जाऊन उभी राहिले होते, मुद्दाम. पहिली वाजवली ती खरी. दुसरीच्या वेळी मी घंटीच्या वाटीवर तळवा दाबून धरला होता. खटका हलला, अंगठा हलला, आवाज माझ्या हातातच राहिला. तुम्ही सुटलात असं सगळे समजतात. सुटला नाहीत हे फक्त मला माहीत आहे, आणि मला वाटतं, आईला.